कोल्हापुरात बनलेली साइट रायझरची जोडी: ३,२०० रुपये कशाचे?

नेमबाजीच्या रेंजवर ही साइट रायझरची जोडी आली तेव्हा पालकांच्या बाकावर एकच चर्चा होती. एवढ्याशा दोन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांना ३,२०० रुपये? ऑनलाइन तशीच दिसणारी जोडी ९०० ला मिळते. जर्मन जोडी शिपिंग आणि ड्युटी धरून साडेसात-आठ हजारांना पडते, पण ती घेताना कुणी घासाघीस करत नाही. घासाघीस होते ती आपल्या गावात, आपल्या माणसाने बनवलेल्या वस्तूची. मला हे खटकतं. मी एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कॉस्टिंग बघते, माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते आणि ही जोडी तिच्या रायफलवर अख्खा सीझन होती. म्हणून वस्तू कशी आहे हे तर लिहितेच, पण तिची किंमत कशी बनते हेही सविस्तर लिहिते.

वर्कशॉप उद्यमनगरात आहे. मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय. एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन), एक जुनी लेथ, मालक स्वतः आणि हाताखाली आयटीआय झालेला एक मुलगा, एवढाच पसारा. फोन वाढले तर उचलायला माणूस नाही. दुधाळीच्या रेंजवर कोणत्याही पालकाला विचारलंत तर पत्ता मिळेल.

ज्यांची मुलं नुकतीच रेंजवर जायला लागली आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. रायझर म्हणजे रायफलच्या वरच्या रेलवर बसणारा ठोकळा, आणि त्याच्यावर साइट बसते. मागे एक, पुढे एक, दोन्ही सारख्या उंचीचे. मुलांची उंची वाढते, मान लांब होते, पण साइट आहे तिथेच राहते. मग मूल साइटपर्यंत पोहोचायला मान पुढे काढतं, डोकं तिरकं करतं. साइट वर घेतली की डोकं सरळ राहतं, डोळा डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या भोकाच्या, मधोमध येतो आणि गालाचा दाब प्रत्येक शॉटला सारखा पडतो. माझ्या मुलीच्या कोचने १२ मिमी उंचीची जोडी सांगितली होती. मॅचच्या रायफलींना, मग ती वाल्थर असो, अन्शुट्झ असो की फाइनवेर्कबाउ, वरची रेल ११ मिमीची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची, असते. त्यामुळे जोडी एका रायफलवरून दुसरीवर जाते. मुलीने पुढे ५० मीटर सुरू केलं तरी ही जोडी वाया जाणार नाही.

आता वस्तूबद्दल. बॉडी ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची, रेलला पकडणारा क्लॅम्पचा जबडा ७०७५ या जास्त ताकदीच्या ॲल्युमिनियमचा, स्क्रू स्टेनलेसचे एम४. वरून काळं हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक थर. हातात घेतल्यावर आधी कडा जाणवतात. एकही कड बोचत नाही, आणि सगळ्या कडांना सारखं चॅम्फर, म्हणजे तिरकी मोड, आहे. मशीनने कड मोडता येते, पण डव्हटेलच्या आतल्या कोपऱ्यात कटर पोहोचत नाही. तिथली बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक कपची, हातानेच काढावी लागते. ती काढलेली आहे, आणि काढताना रेलवर टेकणाऱ्या पृष्ठभागावर चरा उमटलेला नाही. आमच्या कंपनीत याच कामावरून मी रोज वाद ऐकते, म्हणून माझं लक्ष आधी तिथे जातं.

आमच्या क्वालिटीच्या साहेबांची परवानगी घेऊन मी जोडी सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवली आणि डायल, म्हणजे शतांश दाखवणारा काट्याचा गेज, लावून बघितली. पुढच्या-मागच्या रायझरच्या उंचीत एक शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. वरची डव्हटेल आणि खालची डव्हटेल एकमेकींना समांतर आहेत का, हे बघायला ठोकळा पूर्ण लांबीत डायलखाली सरकवला, तर काटा दोन शतांशाच्या आत राहिला. ड्रॉइंगवर त्यांनी तेवढंच लिहिलं आहे. रेंजवरच्या दुसऱ्या एका पालकांनी ९०० वाली जोडी घेतली होती, तीही त्याच वेळी बघितली. उंचीतला फरक चौदा शतांश होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण यावरून रेंजवर उगाच भांडणं होतात. उंचीतला फरक म्हणजे माल टाकाऊ, असं नाही. तो फरक कायम तेवढाच राहणार असेल तर डायॉप्टरचे क्लिक फिरवून तो काढता येतो. क्लिकने जात नाही ते हलणं. स्वस्त जोडीचा जबडा रेलच्या कोनाशी जुळत नव्हता, एकाच कडेवर टेकत होता. स्क्रू कितीही आवळला तरी साइटला बोटाने ढकललं की काटा हलायचा. रायफल बॅगेतून काढली, साइट लावली, की शून्य नवीन, म्हणजे साइट पुन्हा पहिल्यापासून जुळवायची. शॉट बसला नाही की मूल स्वतःला दोष देतं, आणि दोष असतो त्या जबड्याचा. मला याचा राग येतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलं एकेका पॉइंटसाठी रडतात.

हलण्याने किती फरक पडतो, त्याचा हिशेब सोपा आहे. पुढची साइट ते मागची साइट हे अंतर सुमारे ७५ सेंटिमीटर धरा. टार्गेट दहा मीटरवर. मागची साइट पाच शतांश मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर निशाण सुमारे ०.७ मिमी सरकतं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे गुणांतल्या दशांशाची एक पायरी पाव मिलिमीटरची. त्या पाच शतांशाने एका शॉटमागे जवळजवळ तीन दशांश जाऊ शकतात. असे ६० शॉट असतात. पॅरिस ऑलिंपिकच्या महिला एअर रायफल पात्रता फेरीत रमिता जिंदल ६३१.५ करून पाचवी आली आणि फायनलला गेली. इलावेनिल वलारिवन ६३०.७ करून दहावी आली आणि बाहेर राहिली. साठ शॉटमध्ये मिळून आठ दशांशाचं अंतर. आपल्या मुलांचा खेळ अजून त्या पातळीचा नाही हे मलाही कळतं, पण जिल्ह्याच्या आणि राज्याच्या मॅचलाही कट-ऑफ दशांशातच लागतो.

आता किमतीकडे येते.

मालकांना मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, एक पीस करून द्या की म्हणून फोन येत्यात. पण एका पीसला मशीन लावायला बी तेवढाच वेळ आणि तीसाला बी तेवढाच." त्यांची बॅच ३० जोड्यांची असते. त्याहून जास्त केल्या तर विकल्या जात नाहीत, कारण आपल्या भागात मॅच रायफल खेळणारी मुलं ती किती! स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य आणल्यापासून रेंजवर गर्दी वाढली आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहिला, तर तसं होणारच. पण गर्दी वाढली तरी स्वतःची रायफल असणारी आणि रायझर लागणारी मुलं मोजकीच.

मी माझ्या पद्धतीने शीट मांडलं, आणि मालकांनी त्यांचे दर मोकळेपणाने सांगितले. मशीनचा तास ६०० रुपये. माल, म्हणजे बार कापून, वाया जाणाऱ्या तुकड्यासकट, जोडीमागे २२०. मशीनवर जोडीमागे ४० मिनिटं, म्हणजे ४००. इथपर्यंत ६२० होतात, आणि लोक इथेच हिशेब थांबवतात. "माल दोनशेचा, मशीन चारशेचं, मग ३,२०० कसले?"

फिक्स्चर (मशीनवर ठोकळा पकडून ठेवणारी जोडणी) आणि प्रोग्रॅमिंगचे १८,०००. हा आकडा तीसवर वाटला की जोडीमागे ६००, म्हणजे माल आणि मशीन मिळून जेवढे झाले, जवळपास तेवढेच पुन्हा. फिक्स्चरशिवाय हे काम होत नाही. ठोकळा एकदा खालून कापायचा, मग उलटा करून वरून कापायचा. उलटताना तो तीन शतांशाने जरी तिरका बसला, तरी वरची आणि खालची डव्हटेल समांतर राहत नाही. साध्या वाईसमध्ये धरून प्रत्येक नगाला डायल लावत बसलं तर दिवसाला चार जोड्याही व्हायच्या नाहीत. म्हणून त्यांनी स्टीलची एक पट्टी बनवली आहे, आधी कापलेल्या डव्हटेलवरच ठोकळा पकडणारी. म्हणजे जो पृष्ठभाग रायफलवर बसणार, त्याच्याच संदर्भाने वरचा पृष्ठभाग कापला जातो. अशा कल्पनेचे पैसे बिलात वेगळे दिसत नाहीत. पण दोन शतांश येतात ते त्या पट्टीमुळे, मशीन महागडं आहे म्हणून नाहीत.

मग कटर. डव्हटेलच्या कोनाचा कार्बाइड कटर बाजारात तयार मिळाला नाही, घासून घ्यावा लागला. दोन कटरचे साडेसात हजार, जोडीमागे २५०. सेटिंग, म्हणजे मशीन लावणं, झिरो घेणं, पहिला नग काढून तपासणं, ऑफसेट देणं, पुन्हा तपासणं, यात दहा तास जातात. त्या वेळात मशीनवरून एकही विकायचा नग निघत नाही. सहा हजार, जोडीमागे २००. बर काढणं आणि तपासणी १५०. स्क्रू आणि पॅकिंग ८०.

ॲनोडायझिंगचं गणित लहान बॅचला फार जाचतं. ॲनोडायझिंगवाला टाकी लावण्याचे किमान पैसे घेतो, तुम्ही ६० ठोकळे द्या नाहीतर ६००. त्याचे साडेचार हजार, जोडीमागे १५०. शिवाय हार्ड ॲनोडायझिंगचा थर पृष्ठभागावर वाढतो. साधारण निम्मा थर धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर येतो. ५० मायक्रॉनचा थर असेल तर प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन, म्हणजे अडीच शतांश वाढ. खाच दोन्ही बाजूंनी आवळते, म्हणून मशीनवर ती तेवढी मोठी ठेवावी लागते. थर ठरल्यापेक्षा जाड आला तर ठोकळा रेलवर चढतच नाही आणि तयार झालेला, सगळे पैसे लागलेला नग भंगारात जातो. मागच्या बॅचमध्ये चार जोड्या अशाच गेल्या. आकडा त्यांनी स्वतः सांगितला, मी विचारलाही नव्हता.

सगळं मिळून जोडीमागे २,०५०. तीस जोड्यांचे ६१,५००. पण विकायला उरल्या सव्वीस, म्हणजे प्रत्येक विकलेली जोडी पडली २,३६५ ला. ३,२०० तून ते वजा जाता उरतात ८३५. त्यात जागेचं भाडं, वर्कशॉपचं वीजबिल, फोनवरची बोलणी, "बसत नाही" म्हणून आलेल्या पालकाला स्वतः रायफलवर लावून दाखवणं, आणि ड्रॉइंग बनवण्यात गेलेल्या रात्री. अख्ख्या बॅचमध्ये बावीस हजारांच्या आत-बाहेर सुटतात, तेही सगळ्या जोड्या खपल्या तर.

हीच जोडी तीन हजारांच्या संख्येत केली तर फिक्स्चरचे सहा रुपये पडतील, सेटिंगचे दोन, ॲनोडायझिंग नगावर येईल, चार-चार ठोकळे एकाच वेळी पकडून मशीनचा वेळही उतरेल. माझ्या हिशेबाने आठशेच्या आत जोडी पडेल. ९०० वाली जोडी त्या रस्त्याने येते. त्यात काही गैर नाही. फक्त तिथे जबड्याचा कोन प्रत्येक नगाला तपासायला कुणी बसत नाही. ते परवडतच नाही. मोठ्या कारखान्यांना आपण सांगू, कमी पैशात करून घेऊ, असंही पालकांच्या बाकावर सुचवलं गेलं. आमच्या कंपनीत ३० नगांची चौकशी आली तर आम्ही कोटेशनसुद्धा देत नाही. चालू लाइन थांबवण्याचा खर्चच त्या ऑर्डरपेक्षा मोठा असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या शेडमध्ये अशी मशीनं शेकड्यांनी आहेत, पण ती ट्रॅक्टर-मोटारींच्या हजारोंच्या ऑर्डरींना बांधलेली आहेत. तीस नगांचं काम घेणारा माणूस उद्यमनगरातच सापडतो, आणि तोही त्याला खेळाची आवड असेल तर.

"कुठल्याही लेथवर दोनशेत होईल" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. करून घ्या, आणि रायफलवर लावून बोटाने ढकलून बघा.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण काही पालक भलत्याच गोष्टी बनवून मागतात. २० ज्यूलच्या आतल्या, ४.५ मिमी बोअरच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. मॅचची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. पण बंदुकीचा भाग बनवायचा म्हटलं की १९५९ चा शस्त्र अधिनियम येतो, आणि तिथे बनवण्यासाठी परवाना लागतो. हे मालक बॅरल, बोल्ट, ट्रिगर, यातल्या कशालाही हात लावत नाहीत. माझ्यासमोर एकांनी .२२ च्या रायफलचा बोल्ट हँडल नेऊन दाखवला, तर त्यांनी तो हातातही न घेता परत दिला. त्यांचा माल म्हणजे रायझर, हँडस्टॉप (रायफलखाली पुढच्या हाताला टेकणारा अटकाव), गालाच्या पट्टीचे स्पेसर, वजनं, एवढाच. बाजार एवढा छोटा असण्याचं हेही एक कारण आहे, आणि त्यांनी तो छोटाच ठेवला याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

खटकलेल्या गोष्टी. जोडी सांगितलेल्या तारखेपेक्षा बरीच उशिरा मिळाली. कारण ॲनोडायझिंगवाल्याने मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आधी घेतला. लहान बॅचवाल्याला रांगेत नेहमी मागेच उभं करतात, हे मी जाणते, पण मॅचच्या आधी दोन आठवडे मुलीला जुन्या साइटवर सराव करावा लागला. काळ्या रंगाची छटा पुढच्या-मागच्या ठोकळ्यात किंचित वेगळी आहे. एक ६०६१ च्या एका बारचा, दुसरा दुसऱ्या बारचा असावा. खेळाला फरक पडत नाही, पण ३,२०० देणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतो. सोबत ॲलन की दिलेली नाही, आणि स्क्रू किती आवळायचा हे कुठेही लिहिलेलं नाही. हे मात्र सुधारायलाच हवं. मुलं अंगातली सगळी ताकद लावून एम४ चा स्क्रू आवळतात, आणि ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की गेले. आटे बॉडीत थेट न पाडता स्टीलची इन्सर्ट, म्हणजे आट्यांची पुंगळी, घातली तर जोडीमागे चाळीस-पन्नास रुपये वाढतील. मी ते आनंदाने देईन, आणि तसं त्यांना सांगितलं आहे.

बॉडीसुद्धा ७०७५ ची हवी असा हट्ट काही जण धरतात. गरज नाही. ७०७५ ची ताकद ६०६१ च्या जवळपास दुप्पट, पण लवचिकता दोन्हींची सारखीच. म्हणजे साइटच्या वजनाखाली बॉडी जेवढी वाकणार तेवढीच वाकणार, आणि इतक्या जाड ठोकळ्यात ते वाकणं मोजण्याइतकंही नाही. ताकद लागते जबड्याला, जो शेकडो वेळा आवळला-सोडला जातो, आणि तिथे त्यांनी ती वापरली आहे. ७०७५ चा बार मुंबईहून मागवावा लागतो, कितीतरी महाग पडतो. जिथे लागतं तिथेच पैसे घातले आहेत, हे बघून कॉस्टिंगवालीला बरं वाटलं.

त्यांचं बाकीचं सामान सरसकट घ्या असं मी म्हणणार नाही. बॅरलवर लावायची वजनं त्यांच्याकडे ६५० ला एक आहेत. ती नुसती टर्निंगची वस्तू, तिथे शतांशाचं काम नाही. कुठल्याही चांगल्या टर्नरकडून करून घ्या, फक्त रायफलचं एकूण वजन ५.५ किलोच्या वर जाणार नाही एवढं बघा. हँडस्टॉप चांगला आहे, पण १० मीटरला उभ्याने खेळणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) ते करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिच्यात हलणारे सांधे इतके की तीसच्या बॅचमध्ये ती जर्मनपेक्षा महाग पडेल.

एका सीझनमध्ये जोडी कितीदा तरी काढून लावली. प्रवासात साइट काढूनच ठेवावी लागते. परत लावल्यावर शून्य दोन-तीन क्लिकच्या आत येतं. जबड्यावरचं काळं ॲनोडायझिंग एका ओळीत थोडं उडालं आहे, पण पूर्ण लांबीत सारखं उडालं आहे, म्हणजे तो अख्खा टेकतो. मुलीची मान सरळ झाली, हे कोचने सांगितलं आणि मला फोटोत दिसलं. स्कोअर किती वाढला ते मी लिहीत नाही. त्यात तिची मेहनत आहे, कोचची आहे, आणि कशाचे किती दशांश हे वेगळं काढता येत नाही.

पुढची बॅच दिवाळीनंतर लागणार आहे, १२ आणि १६ मिमी अशा दोन उंचींत. ऑर्डर देताना रायफलचं मॉडेल कळवा, रेलची रुंदी कॅलिपरने मोजून सांगा, आणि निम्मे पैसे आधी द्या. बार आणि कटर तुमच्याच पैशातून येतात. मॅच जानेवारीत असेल तर आत्ताच सांगून ठेवा, आणि इन्सर्ट घालून हवं असल्यास तेही. पाच जणांनी मागितलं तर ते ड्रॉइंग बदलतो म्हणाले आहेत. माझं नाव धरून चार झाले.